बुफेत पालक पनीर असतंच, उसळ का नसते?

अमेरिकेत सिअ‍ॅटलला जा, ह्यूस्टनला जा किंवा न्यू जर्सीतल्या एडिसनला, भारतीय रेस्टॉरंटच्या दुपारच्या बुफेवर काय मांडलेलं असेल हे दार उघडण्याआधीच सांगता येतं. सुरुवातीला बर्फावर ठेवलेलं सॅलड, रायतं, पुदिन्याची हिरवी आणि चिंचेची तपकिरी चटणी. मग कांदाभजी किंवा मिश्र भाज्यांचे पकोडे, जिरा राइस, दाल मखनी, छोले, आलू-गोबी आणि पालक पनीर. त्यापुढे चिकन टिक्का मसाला आणि कांद्याच्या चकत्यांवर रचलेलं लालभडक तंदुरी चिकन. शेवटी पाकातले गुलाबजाम आणि तांदळाची खीर. नान मात्र टोपलीतून टेबलावर येतो. ही रेस्टॉरंट्स कुठल्या एका कंपनीच्या साखळीतली नाहीत. मालक वेगळे, आचारी वेगळे, गावं हजारो मैलांवरची, तरी यादी तीच. भारतातून नुकताच गेलेला मराठी माणूस ती पाहून नाक मुरडतो आणि दोनपैकी एक निकाल देतो: मालक आळशी आहेत, नाहीतर गोऱ्यांच्या जिभेपुढे त्यांनी शेपूट घातली आहे. दोन्ही निकाल घाईचे आहेत. ही यादी तीन चाळण्यांतून गाळून आलेली आहे. पहिली दुपारच्या हिशोबाची, दुसरी गरम पाण्यावर ठेवलेल्या ट्रेची आणि तिसरी आपल्याच हॉटेलांनी लावून घेतलेल्या सवयीची. पहिल्या दोन चाळण्यांपुढे कोणाचं फारसं चालत नाही. तिसरी बदलता येते, आणि काही शहरांत ती बदललीही आहे.

मुळात बुफे ही भारतीयांनी अमेरिकेत नेलेली गोष्ट नव्हे. न्यू यॉर्कच्या १९३९ च्या जागतिक प्रदर्शनात स्वीडनच्या दालनातल्या रेस्टॉरंटने आपल्या देशातली वाढून घेण्याची पद्धत अमेरिकनांपुढे मांडली. १९४० च्या दशकात लास व्हेगासच्या जुगारगृहांनी ठरावीक पैशांत पोटभर खाण्याची कल्पना उचलली, कारण पोट भरलेला गिऱ्हाईक बाहेर न पडता पुन्हा खेळायला बसतो. अन्नावर कलती काच लावलेल्या टेबलाच्या पेटंटसाठी जॉनी गार्नो या रेस्टॉरंटमालकाने १९५९ साली अर्ज केला. ती काच आज प्रत्येक बुफेवर दिसते. म्हणजे भारतीय रेस्टॉरंटं मोठ्या संख्येने निघाली तेव्हा हा साचा तयारच होता. १९६५ च्या अमेरिकन स्थलांतर कायद्याने देशवार कोटे काढून टाकले, १९६८ पासून तो पूर्णपणे अमलात आला आणि त्यानंतर भारतातून डॉक्टर, इंजिनिअर, विद्यार्थी जाऊ लागले. पाठोपाठ त्यांचे नातेवाईक आले. काही पंजाबी, बांगलादेशी आणि नेपाळी कुटुंबांनी भारतीय जेवणाची रेस्टॉरंटं काढली. न्यू यॉर्कच्या जॅक्सन हाइट्ससारख्या वस्त्यांत दुपारचा बुफे ही त्या रेस्टॉरंटांची ओळखच होऊन बसली. ही रीत अमेरिकेपुरतीही राहिली नाही. ताज समूहाने १९८२ साली लंडनमध्ये काढलेली ‘बॉम्बे ब्रासरी’ चांगली खर्चिक, तरी तिच्याही दुपारच्या बुफेचं नाव झालं होतं.

आता हिशोब. रेस्टॉरंटचं भाडं दुपारी बंद ठेवलं तरी द्यावं लागतं. संध्याकाळच्या तयारीसाठी आचारी सकाळीच येतो, कांदे तळले जातात, तंदूर पेटवून तापवावा लागतो. हा सगळा खर्च आधीच होऊन गेलेला असतो, त्यामुळे दुपारी आलेल्या गिऱ्हाइकावर पडणारा वाढीव खर्च म्हणजे मुख्यतः शिध्याचा. तांदूळ, डाळ, काबुली चणे, बटाटे, फ्लॉवर या गोष्टी स्वस्त. कोंबडीही स्वस्त, कारण अमेरिकनांची पसंती छातीच्या पांढऱ्या मांसाला असते आणि तंगडीचं मांस इतकं उरतं की ते परदेशी पाठवावं लागतं. रश्श्याला आणि तंदूरला तर तंगडीच बरी. बोकडाचं मांस तिथे महाग, म्हणून ते बहुतेक ठिकाणी शनिवार-रविवारीच दिसतं आणि त्या दिवशी बुफेचा दरही चढा असतो. दुसरी बाजू वेळेची. ऑफिसातल्या माणसाला जेवायला अर्धा तास, फार तर तासभर मिळतो. अनोळखी नावांचं मेन्यूकार्ड वाचायचं, वेटरला अर्थ विचारायचा, मग पदार्थ येईपर्यंत थांबायचं, इतकी सवड त्याला नसते. बुफेत तो आत शिरल्यावर दोन मिनिटांत खायला बसतो. वाढायला माणसं लागत नाहीत, आणि अमेरिकेत मजुरी हाच रेस्टॉरंटच्या खर्चातला जड भाग. शिवाय ज्याने आयुष्यात कधी पालक पनीर पाहिलेलं नाही, तो पूर्ण प्लेटचे पैसे घालवण्याचा धोका पत्करत नाही, पण चमचाभर घेऊन पाहायला तयार होतो. अनेक अमेरिकनांची भारतीय जेवणाशी पहिली ओळख अशी चमच्याचमच्याने झाली. तिथल्या शाकाहारी मंडळींना तर अर्धं टेबल आपल्यासाठी असल्याचं सुख दुसऱ्या कुठल्याही बुफेत मिळत नव्हतं.

मग पोटभर खाणाऱ्यांमुळे मालक बुडत कसा नाही? माणूस विविधता पाहून जास्त खातो, यात शंका नाही. बार्बरा रोल्स आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९८१ साली दाखवून दिलं की चार प्रकारच्या सारणांची सँडविचेस पुढे ठेवली तर लोक एकाच प्रकारच्या सँडविचपेक्षा सुमारे एक तृतीयांश जास्त खातात, कारण एका चवीचा कंटाळा आला तरी दुसरीची इच्छा शाबूत राहते. दिलेले पैसे वसूल करण्याच्या हट्टाने माणूस गरजेपेक्षा जास्त वापर करतो, ही गोष्ट रिचर्ड थेलर यांनी १९८० मध्ये अर्थशास्त्राच्या चर्चेत आणली, आणि पुढे २०१७ साली त्यांना नोबेल मिळालं. मात्र बुफेबद्दल जे जे संशोधन म्हणून फिरतं ते सगळं खरं मानू नये. कॉर्नेल विद्यापीठाच्या ब्रायन वॉनसिंक यांचे पिझ्झा बुफेवरचे निबंध वर्तमानपत्रांनी डोक्यावर घेतले होते. त्यांतल्या आकड्यांत असंख्य विसंगती सापडल्या, काही निबंध मागे घेतले गेले आणि २०१८ मध्ये विद्यापीठानेच त्यांच्या संशोधनात गैरप्रकार झाल्याचं सांगितलं. मालकाला अर्थात निबंधांची गरज नसते. तो सरासरीवर जगतो. एक जण चार प्लेटा खातो, तर तीन जण दीड प्लेटेवर हात धुतात. ती सरासरी आपल्या बाजूला झुकावी म्हणून सॅलड, भजी आणि भात रांगेच्या सुरुवातीला, मांसाहार शेवटी. चिकनपर्यंत पोचेतो प्लेट निम्मी भरलेली असते, आणि टेबलावर येणारा गरम नान उरलेलं काम करतो. यात फसवणूक नाही, कारण सगळं डोळ्यांसमोर मांडलेलं असतं. पण जे पदार्थ स्वस्त, पोट भरणारे आणि मोठ्या पातेल्यात एकदम होणारे, त्यांनाच या टेबलावर जागा मिळणार हे इथेच ठरून जातं.

दुसरी चाळणी जास्त कडक आहे, कारण तिथे निसर्गनियमच आडवे येतात. बुफेचं टेबल म्हणजे खाली गरम पाणी आणि वर स्टीलच्या खोल ट्रे. अमेरिकेतली राज्यं ज्या नमुना नियमावलीवर आपले नियम बेततात, तिच्यानुसार शिजवलेलं गरम अन्न ५७ अंश सेल्सिअसच्या खाली जाता कामा नये आणि थंड अन्न ५ अंशांच्या वर चढता कामा नये. मधल्या पट्ट्यात जंतू झपाट्याने वाढतात. भातातला बॅसिलस सीरियस आणि मांसाच्या मोठ्या पातेल्यातला क्लॉस्ट्रिडियम परफ्रिंजन्स हे तर शिजवण्यातूनही बीजाणूंच्या रूपाने वाचतात. म्हणजे साडेअकरा ते अडीच या वेळात प्रत्येक पदार्थाने सतत तापत राहायचं, वरून पाणी उडून जात असताना, आणि दर दोन मिनिटांनी कोणीतरी डाव घालून ढवळत असताना. या परीक्षेत कोण पास होतं ते पाहिलं की मेन्यूचं निम्मं कोडं सुटतं.

पनीर घ्या. दूध आम्लाने फाडलं की प्रथिनांना बांधून ठेवणारं बरंचसं कॅल्शियम निवळीत निघून जातं. असं पनीर तापवलं तर चीजसारखं वितळत नाही, त्यातलं थोडं पाणी निघतं आणि तुकडा उलट घट्ट होतो. पालकाच्या गरम लगद्यात तीन तास पडून राहिलं तरी चौकोन चौकोनच राहतो. त्या पालकाची हिरवाई उष्णतेने मावळून काळपट होतेच, पण पालक पनीर मुळातच गडद असल्याने ते कोणाला खटकत नाही. भेंडी किंवा फरसबी असती तर मरगळलेली दिसली असती. काबुली चणा शिजूनही आकार सोडत नाही. बासमतीत अमायलोज नावाचा स्टार्च बऱ्यापैकी असतो, त्यामुळे दाणे सुटे राहतात. त्याच ट्रेमध्ये आंबेमोहर किंवा इंद्रायणी ठेवला, तर तासाभरात चमच्याने कापून घ्यावा लागेल. मखनी ग्रेव्हीत घातलेल्या घट्ट क्रीममध्ये चरबी भरपूर आणि प्रथिनं थोडी, म्हणून ती फुटत नाही. दही तापत ठेवलं की फुटतं, बेसन लावलेली कढी तेवढी तग धरते. वरचा तेला-लोण्याचा तवंग पाणी उडू देत नाही. तंदुरी चिकन मात्र कोरडं, ते ट्रेमध्ये वातड होत जातं. म्हणूनच त्याच्याखाली कांदा पसरतात, तो पाणी सोडतो आणि वर वाफ धरतो. उरलेल्या तंदुरी चिकनची सोय लावण्याची वाटही जुनीच आहे. पेशावरहून आलेल्या कुंदनलाल गुजराल आणि त्यांच्या भागीदारांनी १९४७ साली दिल्लीच्या दर्यागंजमध्ये काढलेल्या ‘मोती महल’मध्ये कोरड्या पडणाऱ्या तंदुरी कोंबडीला टोमॅटो-लोण्याच्या रश्श्यात टाकून बटर चिकन झालं, असं सांगतात. श्रेय नेमकं कोणाचं यावरून भागीदारांच्या वारसांमधला वाद २०२४ साली दिल्ली उच्च न्यायालयात गेला. श्रेय कोणाचंही असो, ताटकळत राहण्यासाठी याहून योग्य पदार्थ शोधून सापडायचा नाही.

आता नापास होणारे पाहा. पुरी दोन मिनिटांत बसते. डोशाचा कुरकुरीतपणा वाफेत जातो. भाकरी आणि थालीपीठ तव्यावरून थेट पानात पडलं तरच खरं. साबुदाण्याच्या खिचडीचा गोळा होतो, पिठलं आळून त्याच्या वड्या पडतात, तळलेला मासा मऊ पडतो आणि रश्श्यातला मासा ढवळून ढवळून काटे सोडतो. बुफेतली भजी नेहमी मऊ का लागतात, याचं कारणही हेच: आतली वाफ बाहेर येऊन आवरणात मुरते. इथे कोणी पुण्या-मुंबईतल्या अमर्याद थाळीकडे बोट दाखवेल. तिथेही ठरलेल्या पैशांत पोटभर जेवण, तरी फुलके गरम आणि फरसाण कुरकुरीत कसं? कारण तिथे वाढपी आहेत. दर दोन मिनिटांनी एक जण आमटी घेऊन, दुसरा फुलके घेऊन फिरतो आणि स्वयंपाकघर थोडं थोडं ताजं बाहेर पाठवत राहतं. थाळी मनुष्यबळावर चालते. अमेरिकेत तेच सर्वात महाग, म्हणून तिथे माणसाचं काम गरम पाण्यावर सोपवलेलं आहे. नान तेवढा हाताने आणून देतात, कारण ट्रेमधला नान कोणी खाणार नाही.

यावर दोन आक्षेप नेहमी ऐकू येतात. पहिला, बुफे म्हणजे काल रात्रीचं उरलंसुरलं. काही ठिकाणी तसं घडतही असेल, पण तो बुफेचा स्वभाव म्हणता येत नाही. नियमाप्रमाणे उरलेलं अन्न पहिल्या दोन तासांत २१ अंशांपर्यंत आणि एकूण सहा तासांत ५ अंशांपर्यंत थंड करावं लागतं आणि पुन्हा मांडण्याआधी ७४ अंशांपर्यंत तापवावं लागतं. वीस किलोच्या पातेल्याच्या बाबतीत हा खटाटोप मोठा आहे, ताजा रस्सा करणं पुष्कळदा सोपं पडतं. शिवाय दाल मखनी रात्रभर मंद आचेवर ठेवण्याचीच चीज आहे. तिच्या बाबतीत कालचं असणं हा दोष नव्हे. दुसरा आक्षेप, सगळं मिळमिळीत करून टाकलंय. हे खरं आहे, पण त्यामागे फक्त गोऱ्यांची भीती नाही. ताट मागवणाऱ्याला तिखट किती हवं ते विचारता येतं. बुफेत एका ट्रेमधून शंभर जण घेतात, त्यांत लहान मुलं आणि पहिल्यांदाच खाणारेही असतात, म्हणून तिखट सगळ्यात नाजूक जिभेच्या मापाने पडतं. सार्वजनिक पंगतीतली आमटीही घरच्यापेक्षा सौम्यच असते.

तिसरा आक्षेप मात्र खरोखर वजनदार आहे, आणि त्याला हिशोब किंवा उष्णता पुरी पडत नाही. काळ्या वाटाण्याची उसळ स्वस्त आहे, शाकाहारी आहे, तीन तास तापली तरी बिघडत नाही, उलट मुरते. गोडा मसाल्याची आमटी, दाण्याच्या कुटाची भरली वांगी, कोल्हापुरी तांबडा रस्सा, वांग्याचं भरीत, थंड बाजूला श्रीखंड: हे सगळे दोन्ही चाळण्यांतून सहज पार होतात. वालाच्या डाळिंब्या फुटून पिठूळ होतील, पांढरा रस्सा फुटेल, ते सोडून देऊ. पण बाकीचे का नाहीत? इथे तिसरी चाळणी लागते. फाळणीनंतर दिल्लीत जी हॉटेलं उभी राहिली त्यांचे पदार्थ देशभर ‘हॉटेलचं जेवण’ झाले. आचाऱ्यांच्या हातात कांदा-टोमॅटोची, मखनी, पांढरी आणि पिवळी अशा ठरलेल्या ग्रेव्ह्या बसल्या, आणि चार पातेल्यांतून चाळीस पदार्थ काढण्याचं तंत्र जगभर गेलं. आपण स्वतः महाराष्ट्रातसुद्धा बाहेर जेवायला जातो तेव्हा पनीर आणि नानच मागवतो, मग न्यू जर्सीतल्या नेपाळी आचाऱ्याने आमटी शिकावी अशी अपेक्षा कोणत्या तोंडाने करायची? त्यात दराची गोष्ट येते. न्यू यॉर्क विद्यापीठातले कृष्णेंदु रे यांनी २०१६ च्या आपल्या पुस्तकात मांडलं आहे की अमेरिकन गिऱ्हाईक एखाद्या देशाच्या जेवणाला किती पैसे देईल, हे त्या देशातून आलेल्यांच्या सामाजिक प्रतिष्ठेवर बरंच अवलंबून असतं. जेवण स्वस्तच असायला हवं अशी समजूत पक्की असेल, तर मालक नवा पदार्थ करून पाहण्याचा धोका कशाला घेईल?

पण ही चाळणी दगडाची नाही, याचा पुरावा अमेरिकेतच आहे. तेलुगु सॉफ्टवेअर इंजिनिअर मोठ्या संख्येने डॅलस, न्यू जर्सी आणि कॅलिफोर्नियात गेले आणि तिथल्या बुफेंवर हैदराबादी बिर्याणी, गोंगुरा आणि झणझणीत चिकन फ्राय दिसू लागलं. दाक्षिणात्य रेस्टॉरंटांनी सांबार आणि भाताचे प्रकार ट्रेमध्ये ठेवले आणि डोसा मागितल्यावर करून द्यायला सुरुवात केली. हिशोब तोच, गरम पाणी तेच, फक्त गिऱ्हाईक वेगळा आणि त्याची मागणी ठाम. मराठी माणसंही त्याच शहरांत आणि त्याच कंपन्यांत आहेत. आपण पुरणपोळी मंडळाच्या कार्यक्रमात जेवतो आणि शनिवारी बुफेत जाऊन पालक पनीर वाढून घेतो, इतकाच फरक.

२०२० च्या मार्चमध्ये कोविडने बुफे बंद पाडले. ‘सूपलँटेशन’ या अमेरिकन सॅलड-बुफे साखळीने त्याच वर्षीच्या मे महिन्यात आपली सगळी ९७ रेस्टॉरंटं कायमची बंद केली. अनेक भारतीय रेस्टॉरंटांनीही त्यानंतर बुफे पुन्हा मांडलाच नाही, काहींनी तो शनिवार-रविवारपुरता ठेवला, काहींनी त्याऐवजी दुपारची ठरावीक थाळी सुरू केली. शिधा आणि मजुरी दोन्ही महागल्याने जुना स्वस्त दर परत येण्याची चिन्हं नाहीत. म्हणजे मेन्यू नव्याने बसवण्याची वेळ हीच. तोवर बुफेत जायचं तर उघडल्या उघडल्या जावं, भज्यांपेक्षा रश्श्यावर भर द्यावा आणि नान ताजा मागून घ्यावा. आणि बाहेर पडताना ‘हे काय भारतीय जेवण’ म्हणून नाक मुरडण्याऐवजी मालकाला एवढंच विचारावं, की पुढच्या शनिवारी एका ट्रेमध्ये उसळ ठेवाल का. चार घरांनी चार शनिवार विचारलं, तर तो ठेवेल. त्याचा धंदा मागणीवरच चालतो.